उमरावाची तिसरी बायको

आमच्या अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादक अनघा हिचा फोन आला. "काकू, तुमच्या जॉबवर लिहा ना. दर वर्षी तेच आयटी आणि तेच फार्मा, लोक बोअर झालेत यार. तुमचं काहीतरी हटके आहे. आणि लेखासोबत फोटो पाठवा, छान ब्राइट असलेला." लेखाला मी लगेच हो म्हटलं. रिटायर झाल्यापासून मला कोणी काहीही विचारलं की मी लगेच हो म्हणते. फोटोपाशी मात्र अडले. का अडले ते सांगायला हा सगळा लेख लागेल.

मी सत्तावीस वर्षं पिशाच्चांची धुणी धुतली. याहून सोपं वर्णन मला अजून सापडलेलं नाही. वेस्ट विंडसरमध्ये कोणाकडे सत्यनारायणाला गेलं की नव्याने ओळख झालेली बाई विचारायची, "तुम्ही वर्किंग का?" मी म्हणायची, "हो, जुने सिनेमे साफ करते." तिच्या डोळ्यांसमोर थिएटरातल्या खुर्च्यांखालचे पॉपकॉर्न यायचे. मग माझा नवरा विनायक, फार्मा कंपनीतला केमिस्ट आणि घराण्याच्या अब्रूचा स्वयंघोषित रखवालदार, घाईघाईने सांगायचा, "ती फिल्म रिस्टोरेशनमध्ये आहे." हे ऐकून समोरची बाई जरा सावरून बसे. तेवढ्यात मी खुलासा करायची की सिनेमे म्हणजे साठ-सत्तर सालच्या सुमाराचे युरोपातले व्हॅम्पायरपट. रक्त पिणारा उमराव, किल्ला, वटवाघळं आणि झिरझिरीत झग्यातल्या बायका. यावर बहुतेकजणी प्रसाद आणायला उठत.

आमची कंपनी रूट वन हायवेवर एका गाद्यांच्या दुकानाच्या मागे होती. पाच माणसं आणि एक खिडकी, तीही काळा कागद लावून बंद केलेली. मालक पॉल. स्वतः शाकाहारी, बोट कापलं तरी घेरी येणारा, आणि व्हॅम्पायरपटांचा जन्माचा भक्त. कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी तळघरातून तो रिळांचे डबे मिळवायचा. डबा उघडला की व्हिनेगरचा भपकारा येतो, कारण जुनी फिल्म आंबते. मग एकेक चित्र यंत्राने उतरवून कॉम्प्युटरवर घ्यायचं. एका सेकंदाची चोवीस चित्रं, म्हणजे दीड तासाच्या सिनेमाची सव्वा लाखाच्या वर. त्यांच्यावरची धूळ, ओरखडे, बुरशी काढायची, उडालेले रंग परत आणायचे आणि त्याची डिस्क बनवायची. घेणारे मोजकेच, पण देवभोळे. ओहायोतला एक गृहस्थ फक्त रक्ताच्या छटेवर पत्रं लिहायचा: मागच्या सिनेमात रक्त केशरी झालं होतं, हे अक्षम्य आहे. पुढच्या वेळी मी देवघरातली कुंकवाची डबी पर्समध्ये घालून ऑफिसला नेली आणि रक्त तिच्याशी जुळवलं. त्याचं पत्र आलं, अखेर कोणाला तरी रक्त कळलं. सासूबाईंना हे मी कधी सांगितलं नाही.

पॉलचा नियम एकच. काळाने केलेली घाण पुसायची, सिनेमावाल्यांनी केलेली ठेवायची. ऐकायला सोपा. मी तो दोनदा मोडला.

पहिली वेळ सुरुवातीच्या दिवसांतली. एका सिनेमात उमरावाचा हिंदुस्थानी नोकर होता. फेटा, हातात मेणबत्ती, दर वाक्याला 'साहिब'. काम करणारा अर्थातच गोरा, तोंडाला तपकिरी रंग फासलेला. रंग हनुवटीखाली संपायचा आणि पांढऱ्या कॉलरवर उतरायचा. मला वाटलं, फिल्मवरचे डाग. चार दिवस बसून मी त्याची कॉलर स्वच्छ केली आणि मान चेहऱ्याला जुळवून दिली. पॉलला अभिमानाने दाखवलं. तो म्हणाला, "शैला, हा डाग फिल्मवरचा नाही, माणसावरचा आहे. परत घाल."

"पण किती वाईट दिसतं! आमची लाज जाते," मी म्हटलं.

"तुमची कशी? ती त्यांची आहे. त्यांनी काय केलं ते लोकांना दिसू दे."

मग पुढचे चार दिवस मी तीच कॉलर पुन्हा मळवली. चार दिवस धुतलेलं पुढचे चार दिवस मळवायचं आणि दोन्हीचा पगार घ्यायचा, असं काम दुसरं कोणाला मिळालं असेल तर कळवा.

त्यानंतर मी त्या सिनेमांकडे जरा डोळे उघडून बघू लागले. त्या जगात आपल्या रंगाच्या माणसाला तीनच नोकऱ्या होत्या: शाप आणणं, दिवा धरणं आणि पहिल्या रिळात मरणं. दिवाणखान्यात सहा हातांची मूर्ती दिसली की ओळखायचं, आता आपल्या देशावर आळ येणार. आणि एक गंमत. सांगलीत आम्ही समजत होतो की गोरेपणाला वरची मर्यादा नसते, जितकं असेल तितकं चांगलंच. या सिनेमांत ती होती. एका हद्दीपलीकडे गोरी झालेली बाई मेलेली असते.

सांगलीचं नाव आलंच आहे तर सांगून टाकते. तिथे बाबांचा फोटो स्टुडिओ होता आणि स्टुडिओ चालायचा तो 'दाखवायच्या' फोटोंवर. लग्नाच्या मुलीचा फोटो काढून झाला की तिची आई काउंटरवर वाकून हळूच म्हणायची, "जरा उजळ करा हं." ते काम माझ्याकडे होतं. टोकदार पेन्सिल घेऊन निगेटिव्हवर चेहऱ्यावर बारीक बारीक रेघा मारायच्या. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल फिरते तिथे कागदावर उजळ उमटतं. पंधराव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत मी अर्ध्या गावाच्या मुली गोऱ्या केल्या. माझाही फोटो मीच केला, आणि घरचंच काम म्हणून हात जरा सैल सोडला. बघायला आले तेव्हा सासूबाईंचं पहिलं वाक्य होतं, "फोटोत बऱ्याच उजळ दिसत होता." विनायक पटकन म्हणाला, "आई, इथली ट्यूबलाइट डिम आहे." त्या एका वाक्यावर मी त्याच्याशी लग्न केलं.

आता दुसरी वेळ.

इटलीत चित्रित झालेला एक सिनेमा आमच्याकडे आला. उमरावाच्या तीन बायका, तिघीही पिशाच्च. दोघी गोऱ्या आणि तिसरी चक्क आपल्यासारखी. ती दिवा धरत नव्हती, शाप आणत नव्हती. तिसऱ्या रिळात जिना उतरून यायची, नायकाच्या आढ्यतेखोर मित्राचा गळा धरायची आणि मोठ्याने हसायची. जेमतेम चार मिनिटं. श्रेयनामावलीत दोघींची नावं होती, हिचं नव्हतं. मी खुर्चीत सरसावून बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पडद्यावर कोणीतरी माझ्या मावशीसारखं दिसत होतं आणि ते माणसं खात होतं.

पण मूळ निगेटिव्ह हरवलेली. हाती आली ती एकच प्रिंट, तीही गुलाबी पडलेली. जुन्या रंगीत फिल्मचे बाकीचे रंग आधी उडतात आणि गुलाबी तेवढा राहतो. अशा वेळी ज्या वस्तूचा रंग ठाऊक आहे ती धरून बाकीचे जुळवायचे. पांढरी चादर, मेणबत्ती, रक्त. गोऱ्या बायकांचे चेहरे पटकन बसले, त्यांचे अंदाज यंत्रालाही असतात. तिसरीचा रंग कोणाला ठाऊक नव्हता. मी शेजारणींवरून अंदाज बांधला, तर ती अंधारात बुडाली. म्हणून नुसता तिचा चेहरा वेगळा धरून वर आणला. दिसू लागली. तिथे थांबायला हवं होतं. पण हात थांबला नाही. अडीच दिवस मी त्या चेहऱ्यावर काम केलं आणि काय करते आहे हे मला एकदाही जाणवलं नाही.

आमच्याकडे प्रत्येक दुरुस्तीचा वेगळा थर ठेवतात आणि त्याला नाव देतात, म्हणजे नको झाला तर तेवढाच काढता येतो. मी नावं मराठीत द्यायची, कोणी हात लावू नये म्हणून. धूळ. बुरशी. रक्त. या थराला मी नाव दिलं, उजळ.

पॉल बघून म्हणाला, "शी ग्लोज!" मी आठवडाभर जमिनीवर नव्हते. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम झालं, असं मी विनायकला सांगितलंसुद्धा.

डिस्कची जाहिरात झाली आणि क्वीन्समधून निशा नावाच्या मुलीची ई-मेल आली: तिसरी बायको माझी आजी आहे. पॉल लहान मुलासारखा नाचला. त्याने दोघींना बोलावलं. अंतिम प्रत दुसऱ्या दिवशी डिस्कच्या कारखान्यात जायची होती, त्याआधी आजींनी बघावं म्हणून.

मिस लीला आल्या. हातात काठी, पायात पांढरे स्नीकर्स, आणि डब्यात अननसाचं सारण भरलेल्या त्रिकोणी गोड पुऱ्या, आपल्या करंजीच्या चुलतबहिणी. जन्म गयानाचा. पणजोबांना हिंदुस्थानातून उसाच्या मळ्यावर नेलं होतं. त्या नर्सिंग शिकायला लंडनला गेल्या, तिथून सिनेमाच्या नादाने इटलीला, आणि शेवटी क्वीन्समध्ये येऊन तीस वर्षं नर्स होत्या. "रक्ताशी माझा संबंध असा कायमचा," त्या म्हणाल्या. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत चाललं होतं.

दिवे घालवले. गोऱ्या सवती दिसल्यावर त्या खुदकन हसल्या. "ही फार शिंकायची." मग जिना आला. मी पडदा सोडून त्यांच्याकडे बघत होते, शाबासकीसाठी.

त्या पुढे वाकल्या. चष्मा काढून पुसला, परत लावला.

"ही कोण आहे?"

निशा म्हणाली, "ग्रॅनी, तूच."

"छे. मला मी आठवते." त्या बोलू लागल्या. "मेकअपवाल्याकडे एकच पांढरी पावडर होती. पिशाच्च म्हटलं की पांढरं. माझ्या तोंडावर ती राखेसारखी दिसायला लागली. मी उठले, तोंड धुऊन आले आणि सांगितलं, मरायचंच आहे तर मी माझ्या रंगात मरेन. अर्धा दिवस काम बंद. शेवटी डायरेक्टर म्हणाला, राहू दे तिला तशी. सिनेमात मी जिंकलेलं एवढं एकच भांडण. आणि आता..." त्यांनी पडद्याकडे हात केला. "बहुतेक नंतर त्यांनी काहीतरी केलं असेल. मला कळलंच नाही."

पॉल हळुवारपणे म्हणाला, "मॅम, फिल्म फार फेड झाली होती. त्यात रंग बदलतात. दोष कोणाचा नाही."

मला फक्त गप्प बसायचं होतं. सगळा आळ फिल्मवर गेला होता आणि फिल्म काही बोलणार नव्हती. मी सगळ्यांना चहा आणायला गेले. चहा करता करता मी मनाशी पॉलच्या वाक्याला तीनदा मान डोलावली, इतकं ते मला पटलं होतं. जो मेकअपवाला समोर उभा राहून हरला, त्याचं काम मी पन्नास वर्षांनी, त्यांच्या पाठीमागे, खुर्चीत बसून पूर्ण केलं होतं. आणि मला ते कुठल्या इटालियन माणसाने शिकवलं नव्हतं.

परत आले तर पॉल माझ्या कॉम्प्युटरवर तो प्रसंग उघडून बसला होता, काही सुधारता येईल का बघायला. "शैला, हा थर कसला? यू-जे-ए-एल?"

धूळ म्हणाले असते तरी चाललं असतं. त्याला काय कळणार होतं? पण मिस लीला माझ्याकडे बघत होत्या. सगळ्यांचं ऐकून घेत आयुष्य काढलेल्या म्हाताऱ्या नर्सेस बघतात तसं.

"त्याचा अर्थ गोरी," मी म्हटलं. "फिल्मने नाही केलं, मी केलं. माझ्या गावात मी हेच काम करत होते." आणि ट्रे हातात धरूनच मी त्यांना सांगली, पेन्सिल, माझा दाखवायचा फोटो, सगळं सांगितलं. सांगताना रडू आलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती वेळ लागला तुला?"

"अडीच दिवस."

"मेकअपवाल्याने अर्ध्या दिवसात हार मानली होती. तू चिवट आहेस, बेटी. काढ आता ते."

मी थर बंद केला. चेहरा पुन्हा अंधारात बुडाला. मुळातला माझा अंदाजच चुकीचा होता, शेजारणींवरून बांधलेला. "मला तुमचा रंग ठाऊक नाही," मी कबूल केलं. त्यांनी स्वेटरची बाही कोपरापर्यंत वर केली आणि हात उलटा करून माझ्या टेबलावर ठेवला. "वरची बाजू उन्हाने गेली. ही आतली घे." पडद्याशेजारी हात आणि त्याच्या बाजूला यंत्रावर माझा हात. दोन हातांत फरक काढायला ओहायोच्या गृहस्थालाच बोलवावं लागलं असतं. इतकी वर्षं हा हात पडद्यासमोर, माझ्या डोळ्यांखाली होता. कुंकू मी घरून नेलं. हाताकडे बघायचं सुचलं नाही.

दुपारभर त्या शेजारी बसून होत्या. मी त्या हातावरून रंग हळूहळू जुळवत होते. मधेच त्या म्हणायच्या, "अजून. घाबरू नकोस." चेहरा अंधारातून वर आला, पण स्वतःच्या रंगात, आणि मग हसताना डोळे आणि दात असे चमकले की पॉल मागे सरकला. मिस लीलांनी मान हलवली.

"हां. आता मी नीट मेले."

कारखान्यात एक दिवस उशिरा प्रत गेली. श्रेयनामावलीला हात लावायचा नाही हा पॉलचा नियम, त्यामुळे त्यांचं नाव सोबतच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर छापलं.

हा किस्सा मी नंतर पुष्कळ ठिकाणी सांगितला. स्वतःवर हसत सांगायची मला चांगली सवय आहे. लोकही हसतात, आणि हसून झालं की माणूस सुटतो. थँक्सगिव्हिंगला आमची मुलगी सई बॉस्टनहून आली, ती तिथे फिजिकल थेरपिस्ट आहे. तिलाही मी साग्रसंगीत सांगितला. ती हसली नाही. उठून जिन्यापाशी गेली आणि भिंतीवरचा तिचा हायस्कूल ग्रॅज्युएशनचा फोटो काढून माझ्यासमोर ठेवला. निळा गाउन, हातात फुलं.

"आई, व्हॉट अबाउट धिस गर्ल?"

मी म्हटलं, "अगं, त्या दिवशी ऊन फार होतं, सावली पडली होती चेहऱ्यावर, म्हणून जरा..."

"आय नो. आय ऑलवेज न्यू. सगळ्या फोटोंत आहे." ती ओरडत नव्हती. "मला वाटायचं, धिस इज द डॉटर शी वॉन्टेड."

तिचा रंग माझा आहे. मी त्या रंगावर जीव टाकते, आणि तरी दर वाढदिवसाला, दर स्कूल फोटोला माझा हात फिरला होता. मी घाईने म्हटलं, "थांब, मी काढून टाकते. पाच मिनिटांत." कॉम्प्युटर उघडला. थर नव्हते. घरी कोण थर ठेवतं? मी मूळ फोटोवरच काम करून तो तसाच सेव्ह केला होता. जुने कागदी प्रिंट गॅरेज साफ करताना टाकून दिले होते, स्कॅन केलेत म्हणून. परक्या पिशाच्चांच्या मूळ प्रतीला मी सत्तावीस वर्षं नखसुद्धा लागू दिलं नाही. पोटच्या पोरीची मूळ प्रत माझ्याकडे नव्हती.

मी तिथेच खुर्चीत बसून रडले. सई जवळ येऊन म्हणाली, "इट्स ओके." ओके नव्हतं, तिचा आवाज मला कळतो. मग म्हणाली, "नवीन काढ."

आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभ्या राहिलो. दुपारचं ऊन होतं. विनायकने फोटो काढला आणि फोन माझ्या हातात दिला. फोटोखाली ते बटण असतं ना, दाबलं की सगळं आपोआप सुधारतं? सई माझ्या अंगठ्याकडे बघत होती. मी फोन तिच्याकडे देऊन टाकला.

अनघा, तोच फोटो सोबत पाठवते आहे. माझ्या एकटीचा नाही, त्याला इलाज नाही. छापणारा विचारेल, दोघी जरा डार्क आल्या आहेत, थोडं ब्राइट करू का? त्याला सांग, नको. दोघी जिवंत आहेत.